दादाने पोरीला दिलेला बंद लॅपटॉप, आमच्या आंब्याच्या पेट्या आणि अडकलेली सही. बोलू की गप्प बसू?

देवगडचा_धाकटा:

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल.

आम्ही तीन भावंडं. दादा डोंबिवलीला, ताई कणकवलीला दिलेली, आणि मी धाकटा देवगड तालुक्यात गावच्या घरात, आई आणि बाग बघतो. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई आणि आम्ही तिघं अशी चार नावं लागली. वाटप वगैरे काही नाही आणि मला तो विषय काढायचाही नाहीये.

माझी पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. निकालादिवशी दादाचा फोन आला, स्पीकरवर होता, सगळे ऐकत होते, म्हणाला तिला लॅपटॉप माझ्याकडून, तुम्ही कोणी घ्यायचा नाही. पोरीने शाळेतल्या मैत्रिणींना सांगून टाकलं. मीही घ्यायचा विचार सोडून दिला कारण मोठा भाऊ बोललाय म्हटल्यावर आपण मध्ये का पडा. गणेशचवथीला दादाकडचे आले तेव्हा बॅगेतून निघाला तो त्याचाच जुना वापरलेला लॅपटॉप. बॅटरी साफ गेलेली, वायर काढली की बंद, एका बाजूची बिजागरी निखळलेली म्हणून तिथे चिकटपट्टी. पावसात आमच्याकडे लाईटचं काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पोरीने काकाच्या पाया पडून थँक्यू म्हटलं, दुसऱ्या दिवशी पडवीत प्लगजवळ घेऊन बसली, लाईट गेली की तो बंद, परत चालू करायचा, परत लाईट गेली. मग तिने वायर नीट गुंडाळली, बॅगेत भरला आणि कपाटावर ठेवून दिला. एक शब्द बोलली नाही. त्याच दिवशी आमच्याच ओटीवर बसून दादाने ताईच्या मुलाला सीलबंद नवीन मोबाईल दिला. ताईच्या मुलाला दिला याचं मला वाईट नाही, भाचा आहे, द्यावाच. पण एकाच घरात, एकाच दिवशी?

हे पहिल्यांदा नाही. याआधी दादाचे वापरलेले शर्ट आले, वहिनी म्हणाल्या भावोजींना बागेत घालायला होतील. झाकण नसलेला मिक्सर आला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा कौलं उडाली, मांगराच्या बाजूची दोन मोठी कलमं मुळासकट आडवी झाली, ते सगळं मी आणि बायकोने निस्तरलं, आणि पुढच्या खेपेला दादाने घराला म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलं, त्यावर कुठल्यातरी कंपनीची जाहिरात छापलेली.

आता आमच्याकडून काय जातं ते सांगतो. दरवर्षी एप्रिलमध्ये त्याच्या पेट्या गाडीवर चढतात, घरच्या वेगळ्या, साहेबांच्या वेगळ्या, सोसायटीतल्या लोकांच्या वेगळ्या. फोनवर यादीच येते. मोठं फळ निवडायचं, देठ ठेवून काढलेलं, डाग नको. मी कधी एक रुपया मागितला नाही. गेल्या सीझनला फोन आला की साहेबांच्या पेटीत दोन आंबे साक्याचे, म्हणजे आतून गर खराब झालेले, निघाले, मला मान खाली घालावी लागली, जरा बघून पाठवत जा. अहो साका बाहेरून दिसतो का? ज्याने आयुष्यात आंबे काढायचा घळ हातात धरलाय त्यालाही फळ कापल्याशिवाय कळत नाही.

बायको म्हणते यंदा पेट्या बंद करा, कळेल आपोआप. आई म्हणते भावाभावात हिशोब काढू नको. मला दादाशी भांडायचं नाहीये, लहानपणी त्यानेच मला शाळेत पोचवलंय, बाबा आजारी होते तेव्हा हॉस्पिटलचा मोठा खर्च त्यानेच केला, तेही विसरलेलो नाही. पण पोरीचं तोंड आठवलं की रात्री झोप लागत नाही. बोलू का? कसं बोलू?

मालवणी_गडी:

रे बाबा, तू तेका तोंडार सांगल्याशिवाय तेका कसा कळतला? चाकरमान्यांका वाटता आंबे झाडाक आपोआप लागतत. फवारणी, राखणो, कामगारांची मजुरी, खोकी, गाडीभाडा, ह्या तेंका कोणी सांगलेलाच नसता. पेट्यो बंद करू नको, पण बिल लाव. एक पेटी घरची, ती फुकट. सायबाची पेटी सायबाच्या पैशान.

खाडीपल्याड:

मी गुहागरची. तुमची पोस्ट वाचून आधी पोरीबद्दल लिहावंसं वाटलं. पेट्या आणि लॅपटॉप हे दोन वेगळे विषय आहेत, ते एकत्र करू नका, नाहीतर दादाला वाटेल तुम्ही आंब्याच्या बदल्यात लॅपटॉप मागताय आणि मग सगळं बोलणंच फिसकटेल. पोरीला अकरावीला खरंच लागणार असेल तर तुम्हाला जमेल तसा घेऊन टाका, सेकंड हँड का होईना पण चालणारा, आणि दादाच्या लॅपटॉपची बॅटरी बदलून मिळते का ते कणकवलीत किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाकडून तरी विचारा. बऱ्याच मॉडेलची मिळते आणि नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च खूपच कमी असतो, बिजागरीही बसवून देतात. चार्जर खराब असला तरी कधीकधी बॅटरी गेल्यासारखी वाटते, तेही बघून घ्या.

आणि पोरीसमोर काकाला नावं ठेवू नका. ती काही बोलली नाही यावरून तिला सगळं कळलंय हे दिसतंच आहे. तिला एवढंच सांगा की तुझा राग बरोबर आहे. मुलांना असं कोणी सांगितलं की बरं वाटतं, नाहीतर त्यांना वाटतं आपणच हावरट.

आमच्यात दोघी बहिणी. मोठी पुण्याला. ती भेट म्हणून साड्या आणायची आणि त्या सगळ्या तिला नको झालेल्या रंगाच्या. मी शेवटी एका दिवाळीला सरळ म्हटलं, अक्का, मला साडी नको, येताना आईच्या गुडघ्याचं ते बेल्ट आणि तिचं महिन्याचं औषध घेऊन ये, इथे मिळत नाही. तिला राग नाही आला, उलट सुटल्यासारखं झालं तिला, कारण तिलाही दरवेळी काय न्यायचं हा प्रश्नच पडायचा. आता आईचं औषध तिच्याकडे, बाकीचं माझ्याकडे. साड्या थांबल्या. दोघींत गोडी आहे असं म्हणणार नाही, पण वर्षभर आतल्या आत धुमसायचं ते गेलं.

डोंबिवली_फास्ट:

चाकरमान्यांच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितो, मी मूळचा राजापूरचा, पण आता दादांसारखाच डोंबिवलीत राहतो. लॅपटॉपचं समर्थन अजिबात करणार नाही. सगळ्यांसमोर शब्द देऊन जुना आणून द्यायचा हे चूकच, आणि त्याच दिवशी दुसऱ्या मुलाला नवीन देणं हे तर फारच. पण जुन्या वस्तू आणण्यामागे प्रत्येक वेळी हलका लेखण्याचा विचार असतो असं नाही. आमच्याकडे जागा वीतभर, चालू वस्तू टाकवत नाही, मनात पहिलं येतं ते गाव. गावच्या घराला माळा आहे, पडवी आहे, तिथे कामाला येईल. आमच्या आईबापाच्या पिढीत तर मुंबईहून आलेली जुनी पत्र्याची ट्रंकसुद्धा मानाची होती, तेव्हा गावात खरंच काही मिळत नव्हतं. आता गावात सगळं मिळतं, ऑनलाईन घरपोच येतं, पण मुंबईकरांच्या डोक्यातलं गाव तिथेच राहिलंय. दादांच्या डोक्यातही तेच असणार.

दुसरं, साहेबांच्या पेटीबद्दल. नोकरीच्या ठिकाणी देवगड हापूस नेऊन दिला की माणसाला वर्षभर पत असते, हे खरं आहे. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून तर लोक विचारतात, ओरिजिनल आहे ना, तुमच्या स्वतःच्या बागेतला ना. ती पत तुमच्या मेहनतीवर मिळते हे दादांनी ओळखायला हवं. पण तुम्ही कधी पैसे मागितलेच नाहीत तर त्यांनी मनात काय हिशोब धरलाय? माझा अंदाज आहे की ते असं धरून चालले असणार की बाग चौघांची आहे, उत्पन्न धाकटा घेतो, मी काही मागत नाही, मग पेट्या हा माझा वाटा. ते हे बोलत नाहीत, तुम्ही मेहनतीचं बोलत नाही. दोघांच्या मनात दोन वेगळ्या वह्या आहेत आणि दोघांनाही वाटतंय आपलंच येणं बाकी आहे.

हे मी तुम्हाला दुखवायला लिहित नाही. पण बोलायला बसाल तेव्हा समोरून हा मुद्दा येणार, त्याची तयारी ठेवा.

देवगडचा_धाकटा:

सगळ्यांचे आभार. डोंबिवलीकर, तुमचं वाचून आधी राग आला, मग बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे खरं असू शकतं. दादा एकदा म्हणाला होता, "मी काय मागतोय तुमच्याकडे." तेव्हा मला कळलं नव्हतं तो कशाबद्दल बोलतोय.

पण उत्पन्न म्हणाल तर ऐका. मोहोर येतो तेव्हा थंडी पडत नाही, पडली तर मध्येच पाऊस, तुडतुडा, मग थ्रिप्स. एकेका फवारणीला किती जातं ते इथले बागायतदार जाणतात. राखणीला आणि काढणीला नेपाळी कामगार ठेवावे लागतात, त्यांचं राहणं जेवण मजुरी. वाशीच्या मार्केटला माल गेला की तिथे दर काय लागेल हे आपल्या हातात नाही. चांगल्या वर्षी हातात राहतं, वाईट वर्षी पीककर्ज तसंच पुढे.

आणि एक गोष्ट मी वर मथळ्यात टाकली पण लिहिली नाही, ती खरंतर सगळ्यात जास्त लागलीय. फळपीक विम्याला सातबारा सामाईक असल्याने बाकीच्यांचं संमतीपत्र मागितलं. आईने अंगठा दिला, ताईने सही करून फोटो आणि कागद दोन्ही पाठवले, दादाला कुरियर केलं, तो आज करतो उद्या करतो म्हणत राहिला आणि मुदत गेली. त्या वर्षी अवकाळीने वाट लावली. दादाला मी काहीच बोललो नाही. लॅपटॉप बघितला तेव्हा मला ती सहीच आठवली. म्हणून राग एवढा.

सातबारा_वाचक:

आता खरा विषय आला. मी सरकारी माणूस नाही, पण आमच्या स्वतःच्या घरचं आणि भावकीतलं हे सगळं करून झालंय म्हणून लिहितो.

वाटप म्हटलं की भांडण असं आपल्याकडे धरून चालतात, तुम्हीही "विषय काढायचा नाही" असं लिहिलंय. उलट आहे. सामाईक सातबाऱ्यावर जो राबतो त्याचीच जास्त अडचण होते. विम्याला संमती, पीककर्जाला संमती, शासकीय योजनेला संमती. प्रत्येक वेळी मुंबईहून सही यायची वाट बघायची. आणि जो लांब आहे त्याला ही सही म्हणजे आणखी एक कागद, त्याला मुदतीचं गांभीर्य कळत नाही. दादांनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, पण नुकसान तर झालं.

लगेच करण्यासारखं: दादा आणि ताई यांच्याकडून तुमच्या नावे विशेष मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद) करून घ्या, फक्त विमा, कर्ज, अनुदान आणि पीक नोंदणीच्या कामापुरतं, विक्रीचा अधिकार त्यात अजिबात नको, म्हणजे त्यांनाही धास्ती नाही. मजकूर वकिलाकडून करा, आणि विमा कंपनी व बँक त्यावर चालवून घेतात का हे आधी विचारून घ्या. ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पिकाची नोंद) मात्र तुम्ही स्वतः मोबाईलवर न चुकता करत जा.

पुढे कधी चौघांचं एकमत झालं तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. एकमत असेल तर कोर्टात जायची गरज नाही.

आणि एक कळकळीचं. कोणीतरी तुम्हाला सल्ला देईल की ताईकडून हक्कसोड करून घ्या, बहिणी देतातच. तसं गृहीत धरू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. वडिलांची स्वतःची कमाई असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी आई आणि तिन्ही मुलं समान वारस. ताईला सोडायचंच असेल तर तिने स्वतःहून, नोंदणीकृत दस्ताने. नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर हक्क सुटत नाही. मी भावकीत बघितलंय, बहिणीकडून रक्षाबंधनाच्या आसपास गोड बोलून सही घेतली, बदल्यात एक पैठणी. त्या बहिणीने ती साडी आजवर नेसलेली नाही.

माहेरवाशीण_वेंगुर्ला:

वरची शेवटची ओळ वाचून थांबले. मी बहीण आहे, दोन भावांची. तुमच्या ताईच्या जागेवरून लिहिते, कारण तुमच्या पोस्टमध्ये ताई फक्त सही देताना आणि मुलाला मोबाईल मिळताना दिसली.

ताईला मध्ये घालू नका. म्हणजे दादाला निरोप तिच्याकरवी पाठवू नका, आणि दादाबद्दलची तक्रारही तिच्याकडे करू नका. आमच्याकडे दोन्ही भावांनी तेच केलं. एक फोन करून त्याचं सांगायचा, दुसरा त्याचं, आणि मी दोघांना हो ला हो. शेवटी दोघे बोलायचे थांबले आणि गणपतीची पाळी लावली, एक वर्ष याचा, एक वर्ष त्याचा. आता गौरीला ओवसा घेऊन माहेरी जाते तेव्हा एकच भाऊ घरात असतो, आणि त्याच्यासमोर दुसऱ्याचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांनी धरून चाललंय. माझी आई दोन्ही वर्षी एकच प्रश्न विचारते, तो फोन करतो का तुला. तुमच्याकडे अजून सगळे एका ओटीवर बसतायत. तेवढं टिकवा.

आणि तुमच्या ताईला त्या मोबाईलचं काय वाटलं असेल याचा विचार करा. तिच्या भाचीला जुनं आणि तिच्या मुलाला नवीन, ती आनंदाने घरी गेली असेल असं मला वाटत नाही. तिला एकदा सहज फोन करा, दादाचा विषय न काढता.

दादाशी बोलायचं तर चवथीला नको, मे महिन्यातही नको. घर भरलेलं असतं, वहिनी, जावा, पोरं, सगळे ऐकतात, मग माणूस चूक असला तरी मागे हटत नाही. फोनवर बोला, दोघेच.

कोकण_कृषी:

साक्याबद्दल थोडं, कारण त्यावरून भावाने बोलावं हे मला फार लागलं. साका हा हापूसचा जातीचाच दोष आहे, बाहेरून फळ एकदम देखणं असतं. जमिनीची उष्णता फळाला लागणं आणि फळ झाडावर जास्त तयार होणं, दोन्हीने वाढतो. फळ थोडं लवकर, साधारण ८०–८५ टक्के तयार असताना काढलं, झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवलं, काढलेला माल उन्हात ठेवला नाही तर प्रमाण कमी होतं, पण शून्य होत नाही. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढला त्यात साका नसतो, पण साहेबांना रत्ना नको असतो, हापूसच हवा असतो. हे दादांना नक्की सांगा. त्यांनी साहेबांना तिथल्या तिथे हे सांगितलं असतं तर मान खाली घालायची वेळच आली नसती.

देवगडचा_धाकटा:

ताईला फोन केला. ती रडली. तिने दादाला तिथेच विचारलं होतं म्हणे, की पोरीला असा का आणलास, तो म्हणाला चालतो की, मी कालपर्यंत वापरत होतो. त्याच्याकडे तो कायम प्लगला लावलेला असायचा, बॅटरी गेलीय हे त्याला माहीतच नव्हतं असं ताईचं म्हणणं. खरं असेलही. चिकटपट्टी तर दिसत होती ना, एवढंच माझ्या मनात येतं.

आईला पेट्यांचं सांगितलं. ती आधी चिडली, घरच्या आंब्याचे पैसे घ्यायचे का. मग मी म्हटलं घरच्या दोन पेट्या घरच्याच, तुझ्या हातून गवतात आढी लावून पिकवलेल्या, बाकीच्या वाशीच्या दराने. ती गप्प झाली, मग म्हणाली साहेबांच्या पेटीला माझ्या आढीतले देऊ नको.

फोनवर मला बोलता येणार नाही, आवाज चढतो, म्हणून लिहून पाठवतोय आणि मग फोन करणार. असं लिहिलंय, बघा:

"दादा, पोरीच्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली आहे, वायर काढली की बंद होतो. कणकवलीत विचारलं, बॅटरी आणि बिजागरी करून मिळेल. तू शब्द दिला होतास म्हणून तुला सांगतोय, तो खर्च तू कर, नवीन नको. तिला तू स्वतः फोन करून सांग. दुसरं, विम्याची सही गेल्या वेळी वेळेत आली नाही, माझं मोठं नुकसान झालं, मी तेव्हा बोललो नाही. यंदा मुखत्यारपत्र करूया, मजकूर पाठवतो, तू तुझ्या वकिलाला दाखव. पेट्या घरच्या दोन नेहमीसारख्या येतील, बाकीच्यांना बाजारभाव लावतो, तू लोकांना तसं सांग. बागेचा जमाखर्च या सीझनपासून लिहून सगळ्यांना पाठवणार आहे, तुझ्या वाट्याचं काही वाटत असेल तर ते त्यावरून बोलू. आणि साका बाहेरून दिसत नाही, तू बागेत वाढलेला असून असं बोललास ते मला फार लागलं."

माहेरवाशीण_वेंगुर्ला:

चांगलं लिहिलंय. जमाखर्चाची ओळ तर अगदी ठेवाच, त्याने त्याच्या मनातलंही बाहेर येईल. फक्त शेवटचं वाक्य मेसेजमध्ये नको, ते फोनवर बोला, लिहिलेलं वहिनी वाचणार, पोरं वाचणार. आणि आज रात्री पाठवू नका, उद्या सकाळी तो ऑफिसला निघण्याआधी नको, रविवारी पाठवा.

सातबारा_वाचक:

सहमत. यंदाच्या विम्याची मुदत कृषी कार्यालयात आत्ताच विचारा आणि ती तारीख मेसेजमध्ये टाका. "यंदा" एवढ्यावर सोडू नका.